लेकराची आई आणि तीन वेळा जगज्जेती

जर्मनीत हँडबॉलची आवड असणाऱ्या माणसापुढे ‘क्रेचमार’ हे आडनाव काढले, की त्याला आधी श्टेफान क्रेचमार आठवतो. अंगभर गोंदण, चेहऱ्यावर टोचलेल्या बाळ्या, रंगवलेले केस आणि डाव्या बाजूने झेप घेऊन मारलेले गोल, असा हा खेळाडू. १९९० नंतरच्या काळात त्याने जर्मनीतील तरुणांना वेड लावले होते.

पण त्याच घरात त्याच्याआधी एक खेळाडू होऊन गेली होती. ती त्याची आई, वाल्ट्राउट क्रेचमार. मुलाला देशासाठी जगज्जेतेपद एकदाही मिळाले नाही. आईने ते तीन वेळा मिळवले, आणि त्यातले दोनदा तर मूल झाल्यानंतर. आपल्याकडे आजही पोरीचे लग्न झाले की तिचा खेळ संपला असे घरचेच धरून चालतात. म्हणून या माउलीची हकीकत घराघरांत वाचली जावी असे वाटते.

बायकांसाठी निघालेला खेळ

हँडबॉलचा जन्म मोठा गमतीचा आहे. पहिले महायुद्ध चालू होते. बर्लिन शहरात मुलींच्या व बायकांच्या व्यायामाचे काम पाहणारे माक्स हायझर नावाचे एक गृहस्थ होते. फुटबॉल पुरुषांचा धसमुसळा खेळ, तेव्हा बायकांसाठी हाताने खेळायचा, अंगाला अंग न भिडवता खेळता येईल असा एखादा खेळ असावा, असे त्यांच्या मनात आले. २९ ऑक्टोबर १९१७ रोजी त्यांनी त्याचे नियम ठरवून दिले आणि त्याला ‘हँडबॉल’ हे नाव दिले. दोन वर्षांनी, १९१९ मध्ये, कार्ल शेलेन्झ या शिक्षकाने नियम बदलले. चेंडू लहान केला, अंगाला अंग भिडवायची मोकळीक दिली आणि खेळ पुरुषांसाठी खुला केला.

पुढे काय झाले? खेळ निघाला बायकांसाठी, पण मान मिळाला आधी पुरुषांना. १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकमध्ये पुरुषांचा मैदानी हँडबॉल होता. बंदिस्त सभागृहातला हँडबॉल १९७२ साली म्युनिकमध्ये आला, तोही पुरुषांचाच. बायकांना ऑलिंपिकची दारे उघडली ती १९७६ साली, माँट्रियलला. म्हणजे ज्यांच्यासाठी खेळ काढला, त्यांना तिथवर पोचायला ५९ वर्षे लागली. दार उघडले त्या वर्षी आत जाणाऱ्या बायकांत वाल्ट्राउट क्रेचमार होत्या.

ज्यांनी हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द. कबड्डीसारखेच एका बाजूला सात गडी, त्यांतला एक गोलरक्षक. मैदान ४० मीटर लांब आणि २० मीटर रुंद. दोन्ही टोकांना तीन मीटर रुंद आणि दोन मीटर उंच असा गोल. गोलासमोर सहा मीटरवर कमानीसारखी रेघ असते. तिच्या आत पाय टेकायचा अधिकार फक्त गोलरक्षकाला. म्हणून खेळाडू रेघेबाहेरून उडी घेतात आणि पाय जमिनीला लागण्याआधी हवेतूनच चेंडू मारतात. चेंडू हातात धरून तीन पावलांपेक्षा जास्त चालायचे नाही, तीन सेकंदांपेक्षा जास्त धरून ठेवायचे नाही. समोरची फळी हात पसरून भिंतीसारखी उभी राहते आणि अंगावर येते. त्यामुळे खेळायला दम लागतो, खांद्यात ताकद लागते आणि मार सोसायची तयारी लागते. हायझरसाहेबांनी मनात धरलेला नाजूक खेळ तो आता राहिलेला नाही.

वाळूच्या मुलखातली मुलगी

वाल्ट्राउट यांचा जन्म १ फेब्रुवारी १९४८ चा, बर्लिनच्या नैर्ऋत्येला असलेल्या क्लोस्टर लेहनीन या गावचा. हे गाव तिथल्या जुन्या ख्रिस्ती मठासाठी ओळखले जाते. तो मठ ११८० साली स्थापन झाला. आजूबाजूला तळी आणि पाइनची जंगले. हा सारा ब्रांडेनबुर्गचा मुलूख रेताड जमिनीचा. तिथे गव्हापेक्षा राय हे हलक्या जमिनीत तग धरणारे धान्य आणि बटाटा हीच पिके अधिक भरवशाची.

त्यांचा जन्म झाला तेव्हा महायुद्ध संपून तीन वर्षेही झाली नव्हती. हा भाग रशियन फौजांच्या ताब्यात होता. १९४५ मध्येच तिथल्या मोठ्या जमीनदारांच्या १०० हेक्टरांवरच्या जमिनी काढून घेऊन वाटल्या गेल्या होत्या. १९४९ साली तिथे पूर्व जर्मनी हे वेगळे राज्य झाले. पुढे १९५२ पासून १९६० पर्यंत शेतकऱ्यांच्या जमिनी सामुदायिक शेतीत घालण्यात आल्या. कोणी राजीखुशीने गेले, अनेकांवर दडपण आणले गेले. अशा उलथापालथीच्या काळात ही मुलगी वाढली.

या राज्याला जगात मान हवा होता आणि तो खेळातून मिळेल असे राज्यकर्त्यांनी हेरले. गुणी मुले-मुली लहानपणीच हुडकून त्यांना खास क्रीडाशाळांत घालायचे, मग मोठ्या शहरांतल्या क्रीडासंस्थांत पाठवायचे, अशी घडी त्यांनी बसवली. लाइपझिग शहरात खेळाचे शिक्षण देणारे महाविद्यालय १९५० साली निघाले. त्याच शहरातला एस. सी. लाइपझिग हा क्लब महिला हँडबॉलमध्ये देशातल्या अव्वल क्लबांपैकी होता. वाल्ट्राउट याच क्लबकडून खेळल्या आणि इथूनच देशाच्या संघात गेल्या.

पहिले अजिंक्यपद आणि पाळणा

१९७१ साली महिलांची जागतिक स्पर्धा नेदरलँड्समध्ये झाली. अंतिम सामन्यात पूर्व जर्मनीने युगोस्लाव्हियाला ११–८ असे हरवले. वाल्ट्राउट तेव्हा २३ वर्षांच्या होत्या. त्या वयात जगज्जेतेपद हाती आले, आता पुढे काय उरले, असे कोणालाही वाटले असते.

पेटर क्रेचमार हे त्यांचे पती. ते हँडबॉलचे प्रशिक्षक होते. लाइपझिगच्या महिला संघाला आणि देशाच्या महिला संघालाही त्यांनी शिकवले. म्हणजे घरात नवरा आणि मैदानावर गुरुजी असा प्रकार. वाचायला बरे वाटते, पण संसारात ते अवघडच. शिकवताना नवरा बोलला तर ते मैदानावर सोडून घरी यायचे, आणि घरचा रुसवा उंबऱ्याच्या आत ठेवून मैदानावर जायचे. शिवाय गुरुजीची बायको म्हणून बाकीच्या मुलींपेक्षा चांगले खेळून दाखवल्याशिवाय संघातल्या जागेला किंमत नाही.

१७ फेब्रुवारी १९७३ रोजी लाइपझिगला श्टेफानचा जन्म झाला.

ज्या घरात बाळंतपण झाले आहे त्या घराला सांगायला नको, की बाईच्या अंगातली शक्ती त्यात किती जाते. कंबर सैल पडते, रात्रीची झोप जाते, अंगावर पाजताना भूक वेगळी लागते. शेतावर खुरपणीला परत जायचे तरी महिने लागतात. इथे तर उंच उडी मारून, दणकट बायकांच्या भिंतीवरून चेंडू फेकायचा होता.

पूर्व जर्मनीत बायकांनी कामावर राहावे असे सरकारचे धोरण होते. देशात कामाला हात कमी होते, हे त्याचे मोठे कारण. म्हणून पाळणाघरे मोठ्या संख्येने काढली होती, आणि १९७२ साली बाळंतपणाची भरपगारी रजा १८ आठवड्यांची केली होती. मूल सांभाळायची सोय असली की आईला कामावर परतता येते, ही साधी गोष्ट त्या राज्याने ओळखली होती. पण सोय झाली तरी शरीर पुन्हा कसाला लावायचे ते ज्याचे त्यालाच लावावे लागते.

वाल्ट्राउट यांनी ते लावले. १९७४ साली एस. सी. लाइपझिगने युरोपातल्या विजेत्या क्लबांचा चषक जिंकला. १९७५ साली जागतिक स्पर्धा सोव्हिएत संघात झाली. यजमान संघ बलाढ्य, प्रेक्षक त्यांचे, मैदान त्यांचे. तरी पहिला क्रमांक पूर्व जर्मनीचा आला आणि सोव्हिएत संघ दुसरा राहिला. वाल्ट्राउट दुसऱ्यांदा जगज्जेत्या झाल्या. घरी लेकरू तीन वर्षांचेही नव्हते.

माँट्रियल

जुलै १९७६ मध्ये कॅनडातल्या माँट्रियल शहरात ऑलिंपिक भरले. महिला हँडबॉलला पहिल्यांदाच जागा मिळाली, तीही बेताची. संघ फक्त सहा : सोव्हिएत संघ, पूर्व जर्मनी, हंगेरी, रुमानिया, जपान आणि यजमान कॅनडा. अंतिम सामना वगैरे नव्हता. प्रत्येकीने प्रत्येकीशी खेळायचे आणि शेवटी गुण मोजायचे.

अशा हिशेबात एकही सामना हलका धरता येत नाही. हंगेरीशी पूर्व जर्मनीची ७–७ अशी बरोबरी झाली. सोव्हिएत संघाकडून हार पत्करावी लागली. उरलेले सामने जिंकले. शेवटी गुण मोजले तर पूर्व जर्मनी आणि हंगेरी दोघींचे सारखेच. मग केलेले गोल आणि खाल्लेले गोल यांचा फरक काढला, आणि त्यावर रौप्यपदक पूर्व जर्मनीला मिळाले. सामना हातात आलेला दिसत असतानाही जी बाई आणखी एक गोल करायला धावली असेल, तिच्या धावण्याची किंमत त्या दिवशी कळली. खळ्यातले सांडलेले दाणे वेचणाऱ्या बाईला हे समजावून सांगायला नको.

त्या संघात आणखी एक विलक्षण बाई होती, रोस्विथा क्राउझे. आठ वर्षांपूर्वी, १९६८ साली मेक्सिकोच्या ऑलिंपिकमध्ये तिने पोहण्यात रौप्यपदक मिळवले होते, चार जणींच्या १०० मीटर शर्यतीत. पोहणे संपल्यावर तिने हँडबॉल हाती घेतला आणि माँट्रियलला त्यातही रौप्यपदक मिळवले. एकीने खेळ बदलला, दुसरीने आई होऊन तोच खेळ पुढे चालवला. आपला काळ संपला असे दोघींनीही लोकांना ठरवू दिले नाही.

१९७८ साली जागतिक स्पर्धा चेकोस्लोव्हाकियात झाली. पूर्व जर्मनी पुन्हा पहिली, सोव्हिएत संघ पुन्हा दुसरा. वाल्ट्राउट यांचे हे तिसरे जगज्जेतेपद. वय वर्षे ३०.

आणि १९८० साली मॉस्को. अफगाणिस्तानात रशियन फौजा शिरल्या म्हणून अमेरिका, पश्चिम जर्मनी, जपान अशा अनेक देशांनी त्या ऑलिंपिकवर बहिष्कार घातला होता. महिला हँडबॉलमध्ये सोव्हिएत संघाला सुवर्ण, युगोस्लाव्हियाला रौप्य आणि पूर्व जर्मनीला कांस्यपदक मिळाले. वाल्ट्राउट ३२ वर्षांच्या होत्या आणि श्टेफान सात वर्षांचा. ऑलिंपिकचे सुवर्ण त्यांना लाभले नाही. पण देशासाठी २१७ सामने आणि ७२७ गोल असा हिशेब त्यांच्या नावावर जमा झाला. म्हणजे दर सामन्यात तीनहून जास्त गोल. एका सामन्यात अख्ख्या संघाचेच गोल कमी व्हायचे अशा त्या काळात हा आकडा लहान नाही.

नाण्याची दुसरी बाजू

हे सारे वाचून कोणाला वाटेल, की पूर्व जर्मनीत खेळाडूंचे सोन्याचे दिवस होते. तसे नव्हते. जे राज्य खेळाडूंना शाळा, डॉक्टर, पाळणाघर देत होते, तेच राज्य त्यांच्याकडून पदकांची वसुलीही करत होते. १९७४ पासून तिथल्या सरकारने खेळाडूंना शक्तिवर्धक औषधे देण्याची गुप्त योजनाच आखली होती. कोवळ्या वयाच्या मुलींना या गोळ्या जीवनसत्त्वे म्हणून दिल्या गेल्या. कोणाचा आवाज बदलला, कोणाच्या अंगावर केस वाढले, कोणाला पुढे मूल होताना त्रास झाला. मुलींना विचारले नाही आणि आई-बापांना सांगितले नाही. राज्य बुडाल्यावर कागदपत्रे उजेडात आली. २००० साली बर्लिनच्या न्यायालयाने त्या देशाचे क्रीडाप्रमुख मान्फ्रेड एवाल्ड आणि त्यांचे डॉक्टर मान्फ्रेड ह्यॉप्नर यांना दोषी ठरवून निलंबित कैदेची शिक्षा दिली.

हे कोणा एका खेळाडूकडे बोट दाखवण्यासाठी लिहिलेले नाही. वाल्ट्राउट यांच्याकडे तर नाहीच. पण त्या काळाची गोष्ट सांगताना एवढे झाकून ठेवले तर ती खोटी होईल. मुलीला खेळायला पाठवावे, पण तिला काय खायला देतात, कोण कसले औषध देतो, हे घरच्यांनी विचारलेच पाहिजे. तो हक्क कोणत्याही पदकासाठी सोडायचा नसतो.

खाण तशी माती

१९९० साली दोन्ही जर्मनी एक झाल्या. जुने क्लब मोडले, काहींनी नावे बदलली. लाइपझिगचा महिला संघ पुढे एच. सी. लाइपझिग या नावाने खेळत राहिला, विजेतेपदेही मिळवली. पण पैशाचे गणित बिघडले आणि २०१७ साली त्याला वरच्या गटातून बाहेर पडावे लागले. सरकार पाठीशी असताना जे उभे राहिले, ते पुढच्या काळात स्वतःच्या पायावर टिकवणे जड गेले.

श्टेफान मात्र आई-बापाच्या वाटेनेच गेला. आईचा घाम आणि बापाची शिकवण या दोन्हींत तो वाढला. देशासाठी तो २१८ सामने खेळला. आईचे २१७, मुलाचे २१८. एका सामन्याचा फरक. गोल त्याचे ८२१. २००२ साली माग्डेबुर्ग क्लबकडून त्याने युरोपातला क्लबांचा सर्वांत मोठा चषक जिंकला. २००४ साली अथेन्सच्या ऑलिंपिकमध्ये अंतिम सामना क्रोएशियाविरुद्ध हरल्यामुळे त्याला रौप्यपदक मिळाले. आईच्या माँट्रियलच्या पदकाला तेव्हा २८ वर्षे झाली होती. एकाच घरात आईचे एक रौप्य आणि मुलाचे एक रौप्य.

२०१८ च्या फेब्रुवारीत, वयाची सत्तर वर्षे पुरी करून, वाल्ट्राउट क्रेचमार वारल्या.

आपल्या उंबऱ्याशी

आपल्या गावच्या शाळेत कबड्डी, खो-खो, धावणे यांत पोरी चमकतात. तालुक्याला जातात, जिल्ह्याला जातात. मग दहावी होते, बारावी होते, लग्न होते, आणि कपाटातली प्रमाणपत्रे पिवळी पडत जातात. त्या पोरीच्या अंगातला जोर संपलेला नसतो. तिला मैदानावर जायला दोन तास देणारे कोणी घरात नसते, एवढेच.

वाल्ट्राउट यांना पाळणाघर होते, खेळ जाणणारा नवरा होता, पगार देणारा क्लब होता. आपल्याकडे हे सारे नाही, हे खरे. पण आपल्याकडे आजी आहे, आत्या आहे, जाऊ आहे. सासूबाईंनी संध्याकाळी दोन तास नातवाला मांडीवर घेतले, नवऱ्याने धारेचे काम आपल्याकडे घेतले, तर गावातल्या सुनाही एखादा संघ उभा करू शकतील. त्यातली प्रत्येक जण जगज्जेती होणार नाही, व्हायची गरजही नाही. पण आई खेळताना जे मूल पाहते, त्याला खेळ शिकवावा लागत नाही. आणि त्यातली मुलगी मोठी झाली, की लग्नानंतर खेळू का, असे ती कोणाला विचारत बसणार नाही. तिने आपल्या आईला खेळताना पाहिलेले असेल.